चंद्रीची पहिली परीक्षा

पंचवटी, नाशिक
दि. ११ जून १९७९

ती. कारभारीदादास,
धाकटी बहीण यशोदा हिचा सप्रेम जयभीम वि. वि.

आम्ही चौघं सुखरूप पोचलो. सुखरूप म्हणजे जीव शाबूत आहेत, नाकं मात्र गेली. तुमचे पाव्हणे विंचूरच्या बाजारात कांद्याच्या गोण्या तोलत होते तेव्हा रोज सांगायचे की सातपूरच्या कारखान्यात एकदा काम लागू दे, नाशिकला गोदावरीचा गार वारा खाऊ. वारा येतो, पण तो सडक्या कोबीचा. खोली भाजीबाजाराच्या मागच्या बोळात आहे. सकाळचा बाजार उठला की सगळा पाला आमच्या दाराशी. पाल्यावर गाई, गाईंवर माश्या आणि त्याच माश्या मग आमच्या भाकरीवर. बोळात अकरा बिऱ्हाडं आणि संडास एक. त्याचं वर्णन करत नाही, कारण तुम्ही जेवता जेवता पत्र वाचता हे मला ठाऊक आहे. काल नदी बघायला गेले तर यात्रेकरूंच्या मुंडणाचे केस पायात अडकले. लोक तेच पाणी डोळे मिटून ओंजळीनं पीत होते. मला अशी शिसारी आली की घरी येऊन दोनदा पाय धुतले.

शेजारी आक्काबाई म्हणून एक आहे. तीन दिवसांत तीनदा विचारून गेली की तुमची पोरं शाळेत का जात नाहीत. मी घरी शिकवते म्हटल्यावर तिनं असं तोंड केलं, जणू मी पोरांना उपाशी ठेवते. झालं, बोळभर झालं की नव्या बिऱ्हाडातल्या पोरांना काहीतरी दुखणं आहे. काल एकीनं तर सावळ्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. या माणसांचा मला वीट आला आहे, आणि आम्हाला येऊन अजून आठवडाही झाला नाही.

आता तुम्ही जे लिहिणार आहात त्याचं उत्तर आधीच देते. शहरात आले म्हणून माझं मत बदललेलं नाही. गावच्या शाळेत त्या मास्तरानं माझ्या लेकीची पाटी तपासली आणि हातात द्यायच्या ऐवजी जमिनीवरून पायानं सरकवली. सगळ्यांच्या पाट्या हातात, हिचीच पायानं. सात वर्षांची होती चंद्री. त्या दिवशी तिला घरी आणली ती आणली. माझ्या घरात पाटी पोराच्या हातातून कुणी घेत नाही. पोरानं लिहायचं, मी बघायचं, बरोबर असेल तर हं म्हणायचं, की पोरानं पुसून पुढचं लिहायचं. चार वर्षं हेच चाललंय. चंद्रीला तिसापर्यंत पाढे येतात, पावकी-निमकी येते, आठ वर्षांच्या सावळ्याला जोडाक्षरं येतात. आणखी काय हवं?

समोरून साडेदहाला निळ्या स्कर्टातल्या मुली शाळेत जातात. चंद्री खिडकीशी बसून त्यांच्याकडं बघत राहते, बेरजेत चुकते. म्हणून मी तिची बसायची जागा भिंतीकडं केली आहे.

लताबाई वहिनींना जयभीम, पोरांना गोड पापा. तुमची माया आहेच, माझ्या जिभेकडं पाहून ती आटू देऊ नये.

आपली बहीण,
यशोदा

•

येवला
दि. १७ जून १९७९

चि. यशोदेस,
अनेक आशीर्वाद. जयरामरावांना जयभीम.

तुझं पत्र मिळालं. जेवता जेवताच वाचलं, संडासाचं वर्णन न केल्याबद्दल आभार. केसांचं केलंस तेवढ्यानं वहिनीनं ताट सारलं.

एकवीस वर्षं मी शाळेत खडू खातो आहे. तू शाळेला घातलेल्या शिव्या मला चार वर्षं पोस्टानं येतायत आणि मी त्या मुकाट्यानं गिळतो, कारण तुझा राग खरा आहे. त्या मास्तराचं नाव काढलं की माझंही डोकं फिरतं. पण यशोदे, त्याच्या पायाची शिक्षा पोरीनं किती वर्षं भोगायची? तू शिकवतेस ते उत्तमच असेल. मीच तुला शिकवलंय, वाईट कसं म्हणू? पण उद्या तिला दहावीला बसायचं झालं, नर्स व्हायचं झालं, तर तिच्याजवळ कुठल्या शाळेचा कागद आहे?

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. दिवाळीच्या सुट्टीत मी तुमच्याकडं आलो होतो तेव्हा चंद्रीनं मला विहिरीपाशी गाठून विचारलं की पन्नास मुली एकदम पाढे म्हणतात तेव्हा आवाज केवढा होतो. मी म्हटलं, कान फुटतात. तर तिचा चेहरा उजळला. खिडकीची जागा बदलून तू तिचे डोळे भिंतीकडं केलेस, कानांचं काय करशील?

दाखला नसेल तर शाळा परीक्षा घेऊन वर्ग ठरवते. एकदा नेऊन तर बघ. आवडलं नाही तर शिव्या घालायला मी आहेच, मला सवय आहे.

तुझा,
दादा

•

पंचवटी, नाशिक
दि. २६ जून १९७९

ती. कारभारीदादास,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुमच्या पत्रानं माझी दोन दिवस झोप उडवली. तुम्हाला तेच हवं होतं, मिळालं. चंद्रीला विचारलं की शाळेत जायचंय का, तर तू म्हणशील तसं असं म्हणाली आणि स्वतःची वेणी चघळत बसली. शेवटी काल पुलापलीकडच्या मुलींच्या शाळेत जाऊन आले.

किळस यावी असा माणूस तिथं खिडकीत बसवलाय. मी आडनाव सांगितलं मात्र, त्या कारकुनानं मान वर न करता सांगितलं की सवलतीचे फॉर्म पलीकडच्या टेबलावर. मी सवलत मागितली होती का? मी म्हटलं, माझ्या मुलीला परीक्षा द्यायची आहे. तेव्हा कुठं त्यानं माझ्याकडं पाहिलं, तेही पायांकडं. हेडमास्तर आत पान लावत बसले होते. दोन तारखेला अकरा वाजता आणा, सहावीसाठी गणिताचा कागद आणि तोंडी वाचन, पेन्सिल-रबर घरून, एवढं बोलून त्यांनी पान तोंडात टाकलं.

उलट्या पावली परत यावं असं वाटलं. पण तुमचा शब्द. हे म्हणाले की चंद्रीला एखादी वही आणू, कागदावर थोडी सवय होईल. मी म्हटलं, डोक्यात असलं की ते पाटीवर उतरतं तसं कागदावरही उतरतं. ह्यांनी तरी पेन्सिल आणि रबर आणलं. रबर कशाला आणलंत, म्हटलं, माझ्या पोरीचं चुकतं का कधी?

घाईत थांबते. ममता असू द्यावी आणि दोन तारखेला आमची आठवण काढावी.

आपली,
यशोदा

•

पंचवटी, नाशिक
दि. ४ जुलै १९७९

ती. दादास,
जयभीम.

झालं तुमचं समाधान? आता ऐका तुमच्या शाळेचे प्रताप.

परवा परीक्षा झाली. तासभर मी बाहेर ओट्यावर बसले होते. तोंडी वाचन छान झालं, ते मी कानांनी ऐकलं. मग हेडमास्तरांनी मला आत बोलावलं आणि चंद्रीचा कागद चिमटीत धरून उंच केला, मेलेला उंदीर शेपटीनं धरावा तसा. दहा गणितं होती फळ्यावर. कागदावर एक. एकच! तेही कडेला. बाकी सगळा कागद घासून घासून काळा केलेला, मधे तर आरपार उजेड दिसत होता. हेडमास्तर म्हणाले की हे एक बरोबर आहे, पण बाई, एका गणितावर सहावी कशी द्यायची? वाचन काय, पोपटही करतो. म्युनिसिपालिटीच्या शाळेत तिसरीत घाला.

दादा, माझ्या डोळ्यांपुढं अंधार आला. अकरा वर्षांची पोर, तिसाचा पाढा झोपेत म्हणते, आणि तिला एकच गणित आलं? मी बाहेर चंद्रीला विचारलं की तू सगळी गणितं केलीस ना? ती हो म्हणाली. माझी मुलगी खोटं बोलत नाही. मग नऊ गणितं गेली कुठं? पुसली कुणी? आडनाव वाचल्यावर यांचे हात थांबतात होय? मी परत आत गेले आणि उभ्या शाळेला ऐकू जाईल असं सांगितलं की तुम्ही माझ्या पोरीचं लिहिलेलं पुसलंत, कारण ती आमची आहे. शिपाई धावत आला. तो कारकून हसत होता. हेडमास्तरांच्या तोंडातून पानाची पिंक ओघळली. तसल्या तोंडानं ते मला सभ्यपणा शिकवायला लागले. ओकारी येईल असं ते दृश्य होतं. चंद्री दारात उभी राहून जमिनीकडं बघत होती. घरी आल्यावर जेवली नाही. केवढा अपमान झाला असेल तिचा!

आता कुणी काही सांगू नये. माझं एकही लेकरू शाळेची पायरी चढणार नाही. दहावी नको, कागद नको. तुम्हीही या विषयावर पुन्हा लिहू नका, तुमची शपथ आहे.

रागात लिहिलंय, तरी माया राहू द्यावी.

यशोदा

•

पंचवटी
ता. ७ जुलै

ती. मामांस,
चंद्रभागाचा सविनय जयभीम.

हे पत्र आईला माहीत नाही. आक्काबाईंनी कार्ड दिलं आणि त्याच पेटीत टाकणार आहेत. अक्षर बारीक काढते म्हणजे मावेल.

मामा, हेडमास्तरांनी काही पुसलं नाही. मीच पुसलं. बाईंनी फळ्यावर गणितं लिहिली. मी पहिलं गणित कागदाच्या मधोमध मोठं मांडलं. बाई फिरत फिरत आल्या, माझ्या कागदाकडं बघून हं म्हणाल्या आणि पुढं गेल्या. मला वाटलं, बघितलं. म्हणून मी ते रबरनं पुसलं आणि तिथंच दुसरं मांडलं. बाई परत आल्या की मी पुसायची. नऊ झाल्यावर कागदाला भोक पडायला आलं म्हणून दहावं कडेला केलं. शेजारची मुलगी सारखी माझ्याकडं बघत होती. मला वाटलं, माझं अक्षर तिला आवडलं. घंटा झाली तेव्हा तिनं दोन भरलेले कागद दिले. तेव्हा मला कळलं. पण बाईंनी माझा कागद घेऊन टाकला होता.

आई ओरडत होती तेव्हा मी सांगणार होते. पण मग सगळ्यांना कळलं असतं की आईनं असं शिकवलं, आणि तो खिडकीतला माणूस आईला हसला असता. घरी सांगू म्हटलं तर भीती वाटली. आई मारत नाही. पण तिच्या शिकवण्याला नाव ठेवलं की ती बोलत नाही. मागं बाबा एकदा म्हणाले होते की पोरांना वही द्यावी, तर आई दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

मामा, मला शाळेत जायचंय. तिसरीत बसवलं तरी चालेल. मी उंच आहे, मागं बसेन म्हणजे लहान पोरांना फळा दिसेल. तुम्ही आईला असं काहीतरी लिहा की ती पाठवील. पण हे सांगू नका. तिला वाईट वाटेल. आईनं मला सगळं शिकवलंय.

मामींना जयभीम. माझ्यावर रागावू नये.

तुमची भाची,
चंद्रभागा

•

येवला
दि. १२ जुलै १९७९

चि. यशोदेस,
आशीर्वाद.

तू घातलेली शपथ मोडतो आहे. त्याहून वाईट म्हणजे एका अकरा वर्षांच्या पोरीनं विश्वासानं सांगितलेलं फोडतो आहे. पुन्हा ती मला काही सांगेल की नाही कोण जाणे. सोबत तिचं कार्ड ठेवलं आहे. एकटी असताना वाच.

ते वाचून मला आधी हसू आलं हे कबूल करतो. शाळेत दोघांना वाचून दाखवावं असंही मनात आलं. मग शेवटाकडं आलो आणि कार्ड खिशात घातलं. एवढी वर्षं पोरांचे कागद तपासतोय, पण दहाच्या दहा गणितं बरोबर सोडवून जवळजवळ कोरा कागद देणारं पोर मी पाहिलं नव्हतं.

तो कारकून तू म्हणतेस तसाच असेल आणि हेडमास्तरही. असल्या माणसांबरोबर मी रोज चहा पितो. पण हा कागद त्यांनी पुसलेला नाही. पुढं काय करायचं ते मी सांगत नाही, तुला कळतं. एकच मागणं आहे, तिच्याशी अबोला धरू नकोस.

तुझा,
दादा

•

पंचवटी, नाशिक
दि. २९ जुलै १९७९

ती. कारभारीदादास,
यशोदाचा सप्रेम जयभीम वि. वि.

पत्राला उशीर झाला. लिहायला घेतलं की हात थांबायचा.

चंद्रीचं कार्ड मी मोरीत बसून तीनदा वाचलं. नाशिकला आल्यापासून मला बोळाची किळस, नदीची किळस, माणसांची किळस. त्या दिवशी माझी मला आली, आणि तिच्यापुढं संडासाचा वास काहीच नाही. मी पोरांवर हात उगारत नाही याचा मला केवढा गर्व! त्या मास्तरापेक्षा आपण किती चांगल्या, असं मनाशी म्हणत मी चार वर्षं काढली. आणि माझी लेक मला एवढी भिते की भरल्या शाळेत तिनं स्वतःला मठ्ठ ठरवून घेतलं, पण आईचं चुकलं हे तोंडातून काढलं नाही. पोस्टकार्डसुद्धा तिला आक्काबाईकडं मागावं लागलं. त्या बाईला मी या पत्रांत काय काय म्हटलंय ते तुम्ही विसरून जा.

तरी दादा, अबोला मी धरलाच. दिवसभर. तोंड उघडलं तर रडू येईल म्हणून गप्प होते, पण पोरीला ते काय कळणार? ती आपली भांडी घासत सुटली, घासलेली पुन्हा घासली. संध्याकाळी ह्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आता बोल, नाहीतर मी बोलतो. मग मी तिला जवळ घेतलं आणि मामाचं पत्र आलंय एवढंच म्हटलं. तिच्या हातून परात पडली. मी म्हटलं, पुसायला मी शिकवलं, चूक माझी. तर तीच मला समजावायला लागली की पाटीवर ते बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. ह्यांनी अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. ते आत येतो म्हणत होते, मी फाटकाशी थांबवलं. दादा, त्या हेडमास्तराची माफी मागणं मला फार जड गेलं, कारण तो चांगला माणूस नाही. चांगल्या माणसाची माफी मागायला काय लागतं? खुर्ची रिकामी असून त्यानं मला उभं ठेवलं. कारकुनाला मुद्दाम आत बोलावलं आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मी सांगितलं. माझ्या मुलीनं स्वतःच्या हातानं पुसलं, मी तसं शिकवलं होतं, तुमच्यावर मी खोटा आळ घेतला. तो ते पानासारखं चघळत ऐकत होता. त्यांनी आडनाव विचारून जे केलं त्याची माफी मात्र त्यांनी मागितली नाही, आणि मागणारही नाहीत. तेवढं मी विसरलेले नाही.

पुन्हा परीक्षा घ्यायला ते तयार झाले नाहीत. परीक्षेवर असलेल्या बाईंनी मधे पडून सांगितलं की ही मुलगी सगळा वेळ लिहीत होती, मी पाहिलंय. शेवटी पाचवीत घेतलं. एक वर्ष मागं. मला ते लागलं, चंद्रीला नाही. सावळ्याचं पुढच्या जूनमध्ये बघू. दोन्ही पोरं एकदम द्यायला अजून माझं मन धजत नाही, यावर मला काही लिहू नका.

ती जायला लागून आठवडा झाला. काल दुपारी मी सावळ्याला पाटीवर शुद्धलेखन घालत होते. ती दप्तर ठेवून माझ्या मागं उभी राहिली आणि एकदम म्हणाली की आई, तुझं चुकतं. म्हटलं, काय? तर म्हणे डावीकडं समास सोडायचा असतो, तू कधीच शिकवला नाहीस, वर्गात सगळ्या माझी वही बघून हसल्या. दादा, माझ्या नाकापर्यंत राग आला. तिनं तो पाहिलाही, एक पाऊल मागं सरली. पण शब्द मागं घेतला नाही. तशीच उभी राहिली. मग मी तिला म्हटलं, दाखव बाई कसा सोडतात तो.

या पत्राच्या डाव्या बाजूची रेघ तिनंच ओढून दिली आहे, म्हणून ओळी अशा आखूड झाल्यात. तिथं आपण काही लिहायचं नसतं असं तिनं बजावलंय, ती जागा तपासणाऱ्याची. तेव्हा ती तुम्हाला. तुम्हाला आणि तुमच्या शाळेला मी जे जे लिहिलं ते आठवा, माझं कुठं कुठं चुकलं ते तिथं मांडा आणि पत्र मला परत पाठवा. जागा पुरली नाही तर मागची बाजू कोरी ठेवली आहे.

आपली बहीण,
यशोदा